न्यग्रोधमृगाचा व्यंगपट

दुबळ्याच्या छळाची गोष्ट मुलांना सांगायची असली म्हणजे वडील माणसे बहुधा एखाद्या प्राण्याला पुढे करतात. वर्गातील एका पोराला बाकीची पोरे चिडवतात, त्याला खेळात घेत नाहीत, त्याच्या बोलण्याची नक्कल करतात, असे सरळ सांगू गेले तर ऐकणारी मुले सावध होतात. कारण त्यांतील निम्मी स्वतः चिडवणारांपैकी असतात. तीच हकीकत बदकाच्या पिलावर घालून सांगितली की सारी मुले पिलाची बाजू घेतात. चोच मारणाऱ्या बदकांकडून बोलायला एकही मूल उभे राहत नाही. प्राण्याच्या गोष्टीची ही युक्ती फार जुनी आहे, आणि ती अजून बोथट झालेली नाही.

कुरूप पिलाची गोष्ट हान्स आंदेरसन या डॅनिश कथाकाराने १८४३ साली प्रसिद्ध केली. मराठी मुलांना ती ग. दि. माडगूळकरांच्या गीतातून आणि आशा भोसले यांच्या आवाजातून कळली, आणि मूळ लेखकाचे नाव ज्यांच्या कानांवरही गेले नव्हते अशा आज्यांनी ती नातवंडांना म्हणून दाखवली. याच गोष्टीवर अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेने एकदा नव्हे, दोनदा व्यंगपट काढला. पहिला १९३१ सालचा, कृष्णधवल. दुसरा १९३९ सालचा, रंगीत. दुसऱ्याला लघु व्यंगपटासाठीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, म्हणून तोच लोकांच्या ध्यानात राहिला.

हा १९३९ सालचा पट आजही मुद्दाम पाहावा असा आहे. अंड्यातून पिलू बाहेर येते ते रंगाने वेगळे, आवाजाने वेगळे. बदकनवरा बायकोवर डाफरतो आणि चालता होतो. आई आपली बाकीची पिले घेऊन निघून जाते. एकटे उरलेले पिलू हलत्या पाण्यात आपले प्रतिबिंब पाहते आणि लाटांनी वेडेवाकडे केलेले ते रूप आपले खरे रूप समजून हबकते. पुढे त्याला शिकाऱ्यांनी पाण्यावर सोडलेले एक लाकडी बदक भेटते. ते रागावत नाही, हाकलत नाही, नुसते डोलते. पिलाला वाटते, अखेर आपले माणूस मिळाले. मग त्या लाकडी चोचीचाच तडाखा त्याला बसतो. शेवटी हंसांचे कुटुंब येते आणि त्याला आपल्यात घेते. आंदेरसनच्या कथेत पिलाला वर्षभर हाल सोसावे लागतात, हिवाळा काढावा लागतो; येथे सारे काही एका दिवसात आटोपते. त्याने कथेचा कस थोडा उतरला आहे, परंतु लाकडी बदकाचा तो प्रसंग मूळ कथाकारालाही हेवा वाटावा असा साधला आहे.

१९३१ सालच्या पहिल्या पटात मात्र हंस नाहीतच. कोंबडीच्या खुराड्यात बदकाचे काळे पिलू निघते आणि कोंबडी त्याला झिडकारते. पुढे वावटळ येते, कोंबडीची पिले पाण्याच्या ओघात सापडतात. पोहता येणारे ते काळे पिलूच त्यांना वाचवते, आणि तेव्हा कोंबडी त्याला पंखाखाली घेते.

पाहा, गोष्ट एकच, पण छळ सोसणाऱ्याला दिलेली उत्तरे दोन. एक पट सांगतो, तू यांच्यातला नाहीसच, तुझे गोत दुसरे आणि अधिक देखणे आहे. दुसरा सांगतो, काही पराक्रम करून दाखव, म्हणजे तुला घरात घेतील. दोन्ही उत्तरे कानाला गोड लागतात. परंतु वर्गातील जे पोर खरोखरच बदक आहे, ज्याच्यात हंस दडलेला नाही, आणि ज्याच्या हातून कसलाही पराक्रम होण्याजोगा नाही, त्याने काय करावे? त्याला या दोन्ही पटांत जागा नाही.

तिसरे उत्तर देणारा एक पट आपल्याकडे निघालेला आहे. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५७ साली मुंबईस तयार केलेला ‘द बॅनियन डीअर’ हा तो पट होय. न्यग्रोध म्हणजे वड. न्यग्रोधमृग जातकावर तो बेतलेला आहे. त्याला व्यंगपट म्हणताना जीभ थोडी अडखळते, कारण त्यात व्यंग काहीच नाही. हलत्या चित्रांचा प्रत्येक पट विनोदीच असायचा अशा समजुतीतून हा शब्द रूढ झाला. रूढ झाला आहे म्हणून मीही तो वापरतो.

अशा पटांचे बी मराठी माणसांनी आपल्याकडे पुष्कळ आधी पेरले होते. दादासाहेब फाळके यांनी १९१५च्या सुमारास आगकाड्या एकेक करून सरकवीत आणि प्रत्येक वेळी छायाचित्र घेत त्यांना पडद्यावर नाचवले. १९३४ साली प्रभात कंपनीने ‘जंबूकाका’ काढला. त्यातील कोल्हा रघुनाथ केळकर यांनी चितारला होता. परंतु ही कामे एकट्यादुकट्याच्या हौसेची होती. हाताखाली माणसे शिकवून तयार करावीत, कामाची वाटणी ठरवावी, यंत्रसामग्री उभी करावी, हे फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात घडले. जी. के. गोखले हे त्या विभागाचे प्रमुख. त्यांनी १९३९ सालीच स्वतंत्रपणे एक व्यंगपट केला होता, म्हणजे हात कसलेला होता. १९५६ साली अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेखाली डिस्ने यांच्या चित्रशाळेतील क्लेअर वीक्स हे मुंबईस शिक्षक म्हणून आले. पुढे ज्यांच्या नावाशी भारतीय व्यंगपटाचा इतिहासच जोडला गेला ते राम मोहन त्याच वर्षी तेथे उमेदवार म्हणून दाखल झाले.

वीक्स यांनी डिस्ने यांच्या ‘बांबी’ या पाडसाच्या चित्रपटावर काम केले होते. तो १९४२ साली निघाला. त्यासाठी चित्रशाळेत हरणांची जिवंत पिले आणून ठेवली होती आणि चित्रकार त्यांच्या समोर बसून रेखाटने करीत असत. हरीण काढणे सोपे नाही. बदक किंवा उंदीर दोन-तीन वर्तुळांत बसवता येतो. हरणाचे पाय काडीसारखे, सांधे भलत्याच ठिकाणी, आणि सारा भार त्या काड्यांवर. पाऊल टाकताना तो भार एका पायावरून दुसऱ्यावर गेलेला दिसला नाही तर हरीण चालत नाही, घसरते. अशा कामातून आलेल्या माणसाच्या हाताखाली आपल्या मंडळींचा पहिला मोठा पट हरणांचाच व्हावा, हा योग चांगला जुळून आला.

श्रम किती, त्याचा हिशेब श्रोत्यांनीच करून पाहावा. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे जातात. दहा मिनिटांच्या पटाला १४,४०० चित्रे लागतात. एक चित्र लागोपाठ दोनदा टिपले तरी ७,२०० उरतात. अनुभवी चित्रकार एखाद्या हालचालीतील मोक्याच्या अवस्था काढतो: मान वर, मान वळलेली, मान खाली. मधल्या अवस्था उमेदवार भरून काढतात. मग ती चित्रे पारदर्शक पत्र्यांवर शाईने गिरवायची, पत्र्याच्या उलट बाजूने रंग भरायचे, पत्रे पार्श्वभूमीच्या चित्रावर खुंट्यांत नेमके बसवायचे आणि वर टांगलेल्या कॅमेऱ्याने एकेक टिपायचे. केसभर जरी सरकले तरी पडद्यावर हरीण थरथरते. संगणक आल्यावर यातील गिरवण्याचे आणि रंग भरण्याचे कष्ट गेले. मान कोठे वळवायची हे ठरवणे तेवढे राहिले.

आता मूळ गोष्ट. काशीच्या राजाला शिकारीचा नाद. रोजच्या शिकारीपायी प्रजेची कामे खोळंबतात, म्हणून लोक रानातील हरणे हाकून राजाच्या उद्यानात कोंडतात. त्यांत दोन कळप आहेत, पाचपाचशे हरणांचे. एकाचा नायक न्यग्रोध, म्हणजेच बोधिसत्त्व, दुसऱ्याचा शाख. दोघेही सोन्याच्या रंगाचे, म्हणून राजाने दोघांना अभय दिलेले. बाणांनी एक हरीण पडते, पण पळापळीत दहा जखमी होतात. तेव्हा दोन्ही नायक ठरवतात की रोज एका हरणाने, पाळीपाळीने, आपण होऊन ठोकळ्यावर मान ठेवावी. एके दिवशी पाळी येते शाखाच्या कळपातील एका गाभण हरिणीवर. ती आपल्या नायकापाशी जाते आणि म्हणते, माझे पिलू होऊ द्या, मग आम्हा दोघांच्या दोन पाळ्या होतील. शाख सांगतो, तुझी पाळी मी दुसऱ्यावर ढकलू शकत नाही; तुझे तू पाहा.

या शाखाकडे थोडे लक्ष द्यायला हवे. तो क्रूर नाही. त्याने हरिणीला मारले नाही, शिवी दिली नाही. नियम सर्वांना सारखा, एवढेच तो बोलला, आणि बोलला ते खोटेही नव्हते. छळाच्या गोष्टींत आपण दात विचकणारा दुष्ट शोधत असतो. प्रत्यक्षात ज्याच्याकडे दाद मागायची त्याने नियमाकडे बोट दाखवले की काम भागते. कोणत्याही शाळेत मार खाणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही.

हरिणी परक्या कळपाच्या नायकाकडे जाते. न्यग्रोध तिला परत पाठवतो आणि स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवतो. त्यालाही तिची पाळी दुसऱ्यावर ढकलता येत नव्हती. स्वतःवर घेता येत होती. अभय असलेला मृगराज तेथे पाहून आचारी थबकतो आणि राजाला बोलावून आणतो. राजा विचारपूस करतो आणि त्याला व हरिणीला अभय देतो. न्यग्रोध विचारतो, बाकीच्या हरणांचे काय? त्यांनाही मिळते. उद्यानाबाहेरच्या हरणांचे काय? इतर चतुष्पादांचे? पक्ष्यांचे? पाण्यातील माशांचे? एकेक मागणी पुढे जाते आणि राजा एकेक पाऊल मागे सरतो. ठोकळ्यावरून उठलेल्याने आपल्या एका जिवावर समाधान मानू नये, ही या कथेची फार मोठी धिटाई आहे.

येथे हरिणी शेवटपर्यंत हरिणीच राहते. ती सोन्याची होत नाही, ती पराक्रम करत नाही, तिची खरी जात दुसरी निघत नाही. तिला वाचवण्यासाठी तिच्यात काही बदलावे लागत नाही. ज्याला अभय होते त्याने ते बाजूला ठेवले, म्हणून ती वाचली. तिसरे उत्तर म्हणतो ते हेच. ते पिलाला दिलेले नाही. तळ्यावरच्या ज्या थोरल्या बदकाला कोणी चोच मारत नाही, त्याला दिलेले आहे.

जातकाची प्रस्तावना वाचली म्हणजे कळते की ही गोष्ट मुळात एका बाईच्या निमित्ताने सांगितलेली आहे. संसारात असतानाच गर्भ राहिलेला, पण तो न कळता प्रव्रज्या घेतलेली एक भिक्षुणी. तिचे दिवस दिसू लागले तेव्हा देवदत्ताने चौकशी न करता तिला घालवून देण्याचा हुकूम केला. ती बुद्धाकडे गेली. बुद्धाने उपालीला चौकशीस नेमले, विशाखेने तिची तपासणी केली, आणि गर्भ संघात येण्यापूर्वीचा असल्याचे सिद्ध झाले. तिचा मुलगा पुढे कुमार कश्यप म्हणून प्रसिद्ध झाला. मुलांसाठीच्या पटात हा भाग येणे शक्य नव्हते. मोठ्यांनी तो ठाऊक करून घ्यावा.

हैदराबादच्या मराठी रसिकाला या पटात विशेष गोडी वाटावी असे आणखी एक कारण आहे. मुंबईच्या चित्रकारांनी त्याच्या शैलीसाठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांकडे पाहिले. अमेरिकन शिक्षकाचे चलनवलन आणि वाकाटक काळातील चित्रकाराची रेषा असा तो संगम होता. सांधा थोडा दिसतो, असे माझे मत आहे. ही भित्तिचित्रे शिल्लक उरली ती पुष्कळ अंशी हैदराबादमुळे. अजिंठा तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, आणि जिल्हा निजामाच्या राज्यात. १९१४ साली तेथे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना आणून भिंतीवरून सुटू लागलेला चित्रांचा गिलावा सांभाळण्याचे काम करविले गेले. त्यांनी चढवलेल्या लाखेच्या लेपाने पुढे चित्रे पिवळी पडली हेही खरे. यझदानी यांनी १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत अजिंठ्याचा सचित्र ग्रंथ चार भागांत पुरा केला. हैदराबादचे चित्रकार सय्यद अहमद यांनी उभे आयुष्य त्या भिंतींच्या नकला करण्यात घालवले. अजिंठ्याच्या अशा नकला हैदराबादच्या बागे-आममधील राज्य संग्रहालयात आहेत. वीक्स मुंबईस आले त्याच १९५६ साली, १ नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. पट पुरा झाला तेव्हा न्यग्रोधमृगाच्या अजिंठ्याचे राज्य बदललेले होते.

सतराव्या लेण्यात न्यग्रोधमृगाची कथा आहे. छळल्या जाणाऱ्या प्राण्याची आणखी एक कथाही त्याच लेण्यात आहे, ती महिष जातकाची. एक द्वाड माकड रोज एका रानरेड्याच्या पाठीवर चढते, शिंगांना लोंबकळते, त्याचे डोळे झाकते. वृक्षदेवता विचारते, एवढा बलवान असून तू हे का सोसतोस? रेडा म्हणतो, हे माकड दुसऱ्या रेड्याशीही असेच वागेल, तो त्याला मारील, आणि हत्येचे पाप मला लागणार नाही. तसेच घडते. चित्रकाराने दोन्ही क्षण काढले आहेत: एकदा डोळे झाकणारे माकड पाठीवर, एकदा तेच माकड दुसऱ्या रेड्याच्या पायांखाली. काळाची दोन पावले एका भिंतीवर ठेवण्याची ही रीत व्यंगपटकारालाही परकी वाटणार नाही. मधल्या अवस्था येथे पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो. उपदेश म्हणून मात्र ही कथा मला न्यग्रोधाच्या कथेपुढे फिकी वाटते. सोसण्याची ऐट ज्याचे कातडे जाड त्यालाच परवडते. लहान अंगाच्या प्राण्याला रेड्याची सहनशीलता शिकवून उपयोग नाही.

फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट आणि वार्तापट त्या काळी मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे चित्रगृहांना बंधनकारक असे. लोक बिडी-चहाला बाहेर जात आणि मुले आत बसून राहत. तो दंडक आता उरलेला नाही, आणि २०२२ साली ती संस्थाही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. १९५५ साली स्थापन झालेल्या बालचित्र समितीचेही तेच झाले. या समितीचा आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव १९९५ पासून हैदराबादेत भरत असे, आणि त्याचे पारितोषिक सुवर्णगजाचे होते.

मुलांचे व्यंगपट काढण्याच्या धंद्यात हैदराबाद नंतर देशात पुढे आले. २००१ साली राजीव चिलका यांनी सुरू केलेल्या ग्रीन गोल्ड या चित्रशाळेतून २००८ मध्ये ‘छोटा भीम’ निघाला आणि घरोघरच्या दूरचित्रवाणीवर पोचला. त्यात ढोलकपूर गावातील लहानग्यांना दांडगट कालिया त्रास देतो, आणि लाडू खाऊन बळ आलेला भीम त्यांच्या बाजूने उभा राहतो. बळ असलेल्याने दुबळ्याचा कैवार घ्यावा, एवढ्यापुरता भीम हा न्यग्रोधाचाच वंशज म्हणता येईल. फरक इतकाच की भीमाला स्वतःचे काही पणाला लावावे लागत नाही. लाडू संपत नाहीत आणि तो हरतही नाही.

हैदराबादच्या कोणा चित्रकाराने ही कथा नव्याने काढायला घेतलीच, तर जातकाच्या शेवटी असलेला एक भाग त्याने गाळू नये अशी माझी विनंती आहे. हरणांना अभय मिळाल्यावर ती निर्धास्त झाली आणि लोकांची उभी पिके खाऊ लागली. राजाचे वचन असल्यामुळे शेतकऱ्यांना काठी उगारता येईना. ते राजाकडे तक्रार घेऊन आले, पण राजाने शब्द फिरवण्यास नकार दिला. काल ज्यांच्यावर अन्याय होत होता तेच आज दुसऱ्याचे शेत तुडवत होते. न्यग्रोधाच्या कानावर हे गेले, तेव्हा त्याने कळपाला एकत्र बोलावून परक्या पिकाला तोंड लावण्याची मनाई केली. शेतकऱ्यांना त्याने निरोप पाठवला की यापुढे कुंपणे घालू नका, शेताच्या कडेने नुसती पाने बांधा. ती खूण पाहून आम्ही बाहेरच थांबू. तेव्हापासून त्या मुलखात शेताला पाने बांधण्याची चाल पडली, आणि पान ओलांडून एकही हरीण आत गेले नाही, असे जातककार सांगतो.